दोन बोटं डोंगर

सुनावणी दुपारी एकला होती आणि शर्वरी सुतार सकाळी सातपासून परक्या अंगणात येरझाऱ्या घालत होती. मक्याची कणसं टांगलेल्या खांबापर्यंत बारा पावलं, मग वळायचं, परत बारा पावलं. मध्येच थांबून ती फोन बघायची. फोनवर काही नसायचं. मग तो पालथा ठेवायची आणि पुन्हा चालायला लागायची.

"आगं बस की एका जागी," पडवीतून आप्पा म्हणाले. "झिजंल की जमीन त्यांची."

आप्पा म्हणजे शर्वरीचे वडील, अनंत सुतार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना अंतू मिस्त्री म्हटल्याशिवाय कुणी ओळखत नाही. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात कधी विमानात न बसलेला हा माणूस आता नेपाळच्या मधल्या डोंगरांत, सिम्लेडांडा नावाच्या साठ घरांच्या गावात तीन खोकी उघडत बसला होता. खोक्यांत डोंगर होता. लाकडाचा, त्यांनी स्वतः केलेला. दुसऱ्या कुणाच्या हातून तो नीट जोडला जाणार नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणून बापलेक ज्यात काम करत त्या टर्बाइनच्या कारखान्याचे मालक श्रेणिक उपाध्ये यांनी निमूटपणे त्यांचंही तिकीट काढलं होतं.

आज सुनावणीत गावानं जलविद्युत प्रकल्पाला होकार दिला की सहा टर्बाइनांची ऑर्डर कोल्हापूरला येणार होती. नकार दिला तर कारखान्याची भट्टी दिवाळीपर्यंत पेटती राहील की नाही, हे खुद्द श्रेणिकसाहेबही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

शर्वरी स्वतः टर्बाइन करत नव्हती. ती डोंगर तोलायची.

तिचं यंत्र दिसायला दुधाच्या कॅनएवढं. आत हवा काढून घेतलेली हातभर नळी. त्या नळीत रुबिडियम नावाच्या धातूचे काही लाख अणू लेझरनं इतके गार करायचे की त्यांची वळवळ जवळजवळ थांबते, आणि मग त्यांना सोडून द्यायचं. ते पडतात. दगड पडतो तसेच पडतात. पण एवढा लहान अणू लाटेसारखाही वागतो आणि त्या लाटा एकमेकींत मिसळल्या की जे पट्टे उमटतात, त्यांवरून तो किती ओढीनं पडला हे अब्जाव्या हिश्श्यापर्यंत मोजता येतं. पायाखाली वजन जास्त असेल तर ओढ किंचित जास्त. पावसाळ्यात खडकाच्या भेगा पाण्यानं भरल्या की डोंगर जड होतो, उन्हाळ्यात तेच पाणी झिरपून गेलं की हलका होतो. एकाच डोंगरावर सव्वाशे ठिकाणी, वर्षभर सगळ्या ऋतूंत हे यंत्र टेकवलं की त्याच्या पोटात पाणी कुठे आहे, किती आहे, कुठल्या थरावर अडलं आहे, याचा नकाशा तयार होतो. यंत्र इतकं हळवं की शेजारून म्हैस गेली तरी आकडा हलायचा. शर्वरी ज्यांच्या घरी उतरायची त्या माइली दिदींच्या म्हशीनं पहिल्या वर्षी तिचे नऊ दिवस खाल्ले होते.

या यंत्रानं एक मोठं भय घालवलं. नदीवर वीज काढायची तर खरा प्रश्न पावसाळ्याचा नसतोच, तेव्हा कुठल्याही ओढ्याला मस्ती येते. प्रश्न चैत्र-वैशाखाचा. त्या कोरड्या महिन्यांत विजेला भाव चढतो आणि नदी करंगळीएवढी होते. जी काही धार उरते ती डोंगराच्या पोटातल्या पाण्याची. पूर्वी गुंतवणूकदार तिथे दहा वेळा विचार करायचे. आता डोंगराचा आकडा बघून बँका कर्ज देऊ लागल्या. श्रेणिक उपाध्येंनी हे आधी ओळखलं आणि टर्बाइन आणि आकडा एकत्र विकायला काढला. चाकं आमची घ्या, कोरड्या महिन्यांतल्या पाण्याची हमीही आमचीच घ्या. हमीवर सही शर्वरीची. एवढ्याशा उद्यमनगरातल्या कारखान्यानं बड्या परदेशी कंपन्यांच्या तोंडचा घास असा तीनदा काढून आणला होता.

डोंगरांनाही भाव आला. सिम्लेडांड्यात तर सोयरीक जुळवताना मुलाकडचे विचारू लागले होते, "तुमच्या डोंगराचा आकडा काय?"

लाकडाच्या डोंगराची भानगड निराळी. पडद्यावरच्या चित्रावर आता कुणी विश्वास ठेवत नव्हतं, कारण हवं ते चित्र चुटकीसरशी बनवता येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. त्यामुळे अशा प्रकल्पाच्या सुनावणीत लोकांना हात लावून बघता येईल अशी प्रतिकृती ठेवायची, असा नियमच झाला होता. आप्पांच्या ते पथ्यावर पडलं. ओतकामात आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा काढतात आणि साच्यात पातळ धातू ओततात. नमुना करणारा तो मिस्त्री. यंत्रातून थेट छापून काढलेली धातूची चाकं बाजारात आल्यापासून मिस्त्रींची जमात संपत आली होती आणि आप्पांच्या पटाशीला आठ-आठ दिवस काम नसायचं. लेकीनं डोंगराचे नकाशे आणून दिले तेव्हा ते दोन महिने घरी जेवायलाही वेळेवर आले नाहीत.

आता तो डोंगर पडवीत उभा राहत होता. खुंट्यांवर बसवलेल्या फळ्या, एकावर एक. खालून पन्नास फळ्या खडकाच्या, त्यांवर निळा रंग दिलेला पाण्याचा थर, त्यावर डोंगराचा माथा. एका सेंटिमीटरला पाच मीटर असं उंचीचं प्रमाण. निळ्या थराच्या खालून बोगद्याचं भोक आरपार गेलेलं. याच बोगद्यातून नदी वळवून पलीकडच्या दरीत टर्बाइनवर सोडायची होती.

निळ्या थराखालचा खडक अभंग होता, म्हणून पाणी परातीत राहावं तसं वर अडून होतं. गावाचे सगळे झरे त्या परातीच्या काठावरून सांडणारे. बोगदा आणि पाणी यांच्यामध्ये निदान दहा मीटर खडक शाबूत हवा, असा नियम. नमुन्यात दोन बोटं जाडीची एक अख्खी फळी मध्ये होती. दोन सेंटिमीटर, म्हणजे दहा मीटर. कोल्हापुरात ती फळी बघून शर्वरीला हायसं वाटलं होतं.

नऊच्या सुमारास माइली दिदी कापड घेऊन बाहेर आल्या. पंचेचाळिशीच्या, नवरा गेलेला, शिलाईवर घर चालवणाऱ्या. शर्वरीला त्या बहिनी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. दोन वर्षांत चार मुक्काम करून शर्वरी त्यांच्याशी नेपाळीत भांडण्याइतकी तयार झाली होती.

"सुनावणी होईपर्यंत हा झाकून ठेवू," त्या म्हणाल्या. "सगळं गाव आत्तापासून बोटं लावायला येईल." आणि गळ्यातला टेप काढून त्यांनी माप घ्यायला सुरुवात केली. "निळ्यापर्यंत एकशे दोन."

आप्पांना नेपाळी येत नव्हतं, पण आकडा कळला. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. "शंभर है, बाई. निळ्यापातूर बरोब्बर शंभर है. तुमचा टेप ताणल्या है."

"नवा आहे, बा. गेल्या बाजारात घेतलाय."

"मग नवाच खोटा है." आप्पा हसत उठले. हत्यारांच्या पेटीतून त्यांनी आपली पितळी पट्टी काढली, डोंगराला लावली. शंभर. "बगा!" मग टेप मागून घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. ते पेटीवर खाली बसले.

मिस्त्रीची पट्टी खोटी असते, आणि ती मुद्दाम खोटी केलेली असते. वितळलेलं पोलाद गार होताना आकसतं, मीटरमागे दोन सेंटिमीटर. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको, म्हणून पट्टीच लांब करून घेतात. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं तिथे खरे एकशे दोन असतात. चाळीस वर्षं आप्पांच्या हातात तीच पट्टी होती. लाकूड पुढ्यात आलं की हात आपोआप तिच्याकडे जायचा.

पण डोंगर काही ओतायचा नव्हता.

"शरू," आप्पा म्हणाले, "भोक मी पाडलं न्हाई गं. सगळ्या फळ्या बसवल्यावर शेजारच्या मशीन शॉपात पाडून आणलं. त्यांचं मशीन खऱ्या मापानं चालतंय."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. बोगदा खऱ्या उंचीवर होता आणि पाणी दोन सेंटिमीटर उगाच वर चढलं होतं. मधली अख्खी फळी चुकीतून जन्माला आलेली होती. खऱ्या डोंगरात तिथे काही नव्हतं.

शर्वरीनं टॅबलेट काढला. पाण्याचा नकाशा तिचा स्वतःचा. बोगद्याची आखणी प्रकल्पाच्या कंपनीनं आठ महिन्यांपूर्वी पाठवलेली, नमुना करायला म्हणून. तिनं ती फाइल तशीच आप्पांकडे सरकवली होती. दोन्ही एकावर एक ठेवून बघायला पाच मिनिटं लागली. बोगद्याचा माथा पाण्याच्या परातीचा तळ खरवडत जात होता, सलग पावणेतीनशे मीटर.

कंपनीच्या इंजिनिअरांकडे तिचा नकाशा नव्हता. तो गुंतवणूकदारांचा, गोपनीय. दोन्ही कागद ज्याच्याकडे होते असं जगात एकच माणूस होतं.

तिनं श्रेणिकसाहेबांना फोन लावला.

"म्हणजे टर्बाइनला पाणी कमी पडणार?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही साहेब, जास्त मिळेल. डोंगरातलं पाणी बोगद्यात गळेल. सहा-सात वर्षं कोरड्या महिन्यांत उलट चांगली धार राहील."

"मग आपली हमी खोटी ठरत नाही."

"हमी खरीच आहे. पण गावाचे झरे दोन वर्षांत आटतील."

मग ते म्हणाले, "बोगदा खाली घेता येईल?"

"चाळीस मीटर खाली घेतला तर चालेल. पण वीज आठ टक्के कमी आणि आखणी नव्यानं. दोन वर्षं तरी."

"दोन वर्षांत बँक हात वर करेल आणि ऑर्डर पुन्हा बाजारात येईल. अगं, बोगदा आपण आखलेला नाही, शर्वरी. आपण चाकं विकतो." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मी तुला खोटं बोल म्हणत नाही. कुणी विचारलं तर सांग."

"आणि नाही विचारलं तर?"

"तू काय दूधखुळी आहेस का?" ते म्हणाले. "इथे कारखान्यावर एकशे चाळीस घरं चालतात, एवढं ध्यानात ठेव." आणि फोन ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. करोनाच्या साथीत बापाच्या हाताखाली शिकत असताना, कारखाना बंद होता तेव्हा घरोघरी धान्य पोचवत फिरलेला. म्हणूनच शर्वरीला जास्त त्रास झाला.

माइली दिदी भांडी घेऊन धाऱ्यावर गेल्या होत्या. धारा म्हणजे दगडी तोटीतून पडणारा झरा, गावातल्या पाचांपैकी सगळ्यात मोठा. शर्वरी तिथवर जवळजवळ पळतच गेली. काय बोलायचं हे ठरवलं असतं तर बोलता आलं नसतं, म्हणून तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. पट्टी, फळी, बोगदा, दोन वर्षं.

दिदी पातेलं घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज बोलू नकोस."

शर्वरीला वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही.

"गावाला कंपनीचे शेअर मिळालेत, माहीत आहे ना तुला? प्रकल्पाच्या गावाला स्वस्तात देतात. मी घेतलेत. कार्तिकात म्हैस विकली, कानातलं विकलं. काम सुरू झालं की भाव वाढेल, मग विकेन. सबिताची नर्सिंगची दोन वर्षं निघतील." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "तू आज तोंड उघडलंस तर त्या कागदांत चणे बांधावे लागतील."

"पण दिदी, हा धारा—"

"धारा आटला तर खाली टँकर येईल, नाहीतर आम्ही खाली जाऊ. अर्धं गाव गेलंच आहे. शेअर बुडाले तर कोण येणार आहे?" त्या बोलता बोलता थांबल्या. हात पाण्याखाली धरला. "तुला हे कधी कळलं?"

"आज सकाळी. तुमच्या टेपमुळे."

"आणि कधी कळू शकलं असतं?"

प्रश्न साधा होता. शर्वरीला त्याचं उत्तर येत होतं आणि ते द्यावंसं अजिबात वाटत नव्हतं. तिनं खोटं बोलायचा विचार केला, अगदी स्पष्टपणे केला.

"आठ महिन्यांपूर्वी," ती म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वी श्रावण होता. म्हैस कार्तिकात गेली. दिदींनी बोटांवर मोजलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते मोजून झालेलं दिसलं. त्यांनी भांडी टोपलीत भरली आणि वाट चढायला लागल्या. एरवी टोपलीचा एक कान त्या शर्वरीच्या हातात द्यायच्या.

शर्वरी तिथेच बसली. तिला स्वतःचा राग आला, आणि तो राग सोयीचा नव्हता. आप्पांची चूक हाताच्या सवयीची होती. ती झोपेतही तशीच झाली असती. तिची चूक तशी नव्हती. ती फाइल आली त्या दिवशी एकदा तिच्या मनात आलं होतं, बघावं का ठेवून एकावर एक? आणि तिनं ठरवलं होतं की ते आपलं काम नाही. हमीच्या कागदावर प्रश्न एकच होता, कोरड्या महिन्यांत पाणी राहील का. बाकीचं कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं बघायला गेलं की कामं वाढतात.

परत आली तेव्हा आप्पा अंघोळ करून, कोल्हापूरहून आणलेली पांढरी टोपी घालून तयार होते.

"मी सांगणार हाय," ते म्हणाले. "तू फकस्त त्यांच्या भाषेत सांग. म्हातारा चुकला म्हणतील, दोन शिव्या देतील, सोडतील. तुज्या सहीला धक्का लागायचा न्हाई. काय?"

"आप्पा, श्रेणिकसाहेब..."

"त्येला मी बगतो. त्येच्या बापाच्या पुढ्यात मी काम केलंय." मग म्हणाले, "चुकलेला नमुना वाळूत जाऊ दिला की पुढं शंभर वस्तू चुकीच्या निगत्यात, शरू. आमच्यात चूक सापडली की मिस्त्रीनं आपल्या हातानं नमुना मोडायचा. दुसऱ्याला मोडू द्यायचा न्हाई. एवढाच काय तो आमचा मान."

त्यांनी तिच्यासाठी पळवाट काढून ठेवली होती, आणि तीही किती नीट, रंधा मारल्यासारखी. खरं काय ते लोकांना कळणारच होतं. गाव वाचणार होतं. तिनं फक्त भाषांतर करायचं होतं. आणि तिची सही शाबूत राहिली तर पुढचे डोंगर तिलाच तोलायला मिळणार होते. मोजणाऱ्याला काही ठाऊक असून तो गप्प राहिला असं एकदा नोंदलं गेलं की त्याची सही कुठलीच बँक घेत नाही. या धंद्यात दुसरी संधी नसते.

शाळेच्या पटांगणात दीडशे माणसं जमली. सुनावणी अधिकारी चष्मा लावलेले शांत गृहस्थ होते, त्यांच्या शेजारी कंपनीचा तरुण प्रतिनिधी, गळ्यात टाय, कपाळाला गावानं लावलेला टिळा. माइली दिदी बायकांत तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. शर्वरीकडे बघत नव्हत्या.

कापड निघालं. पोरंटोरं पुढे सरकली. "तो आमचा डोंगर!" कुणीतरी ओरडलं आणि लोक कौतुकानं हसले. प्रतिनिधीनं बोट दाखवून सांगितलं की बोगदा इथे, पाणी इथे, मध्ये एवढा खडक. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं येऊन ती फळी चाचपली आणि समाधानानं जागेवर जाऊन बसला.

मग आप्पा उठले. कुणाला विचारलं नाही. माथा उचलून बाजूला ठेवला. निळा थर उचलला. पन्नासावी फळी खुंट्यांवरून ओढून काढली, काखेत मारली आणि निळा थर पुन्हा खाली बसवला. तो बोगद्याच्या भोकावर टेकला. भोकाच्या वरच्या काठाला सगळीकडून निळा रंग दिसू लागला.

पटांगणात कुजबुज सुरू झाली. प्रतिनिधी खुर्चीतून अर्धा उठला.

"सांग त्यास्नी," आप्पा मराठीत म्हणाले. मान ताठ होती. "म्हणावं, ही फळी खोटी हाय. डोंगरात एवढा खडक न्हाई. मी माप चुकलो. बोगदा पाण्याला लागतोय."

शर्वरीनं सांगितलं, शब्दाला शब्द. बोलताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला.

"आनि म्हणावं, चूक माझी एकट्याची हाय. पोरीला यातलं काय म्हाईत न्हवतं."

अधिकाऱ्यांनी लेखणी उचलली होती. नोंद व्हायला एका वाक्याचा अवकाश होता. ते वाक्य शर्वरीच्या तोंडातून नेपाळीत जायचं होतं, आणि सगळ्या पटांगणात ते मराठीत समजलेलं दुसरं कुणी नव्हतं. आप्पा तिच्याकडे बघत होते, लहानपणी तिला सायकलवर बसवून हात सोडायच्या आधी बघायचे तसे.

"माझे वडील म्हणतायत की चूक त्यांची एकट्याची आहे," ती म्हणाली. "ते म्हणतायत, मला काही माहीत नव्हतं." तिनं श्वास घेतला. "हे खरं नाही. ते मापात चुकले, एवढंच. पाण्याचा नकाशा आणि बोगद्याची आखणी, दोन्ही आठ महिने माझ्याकडे होतं. एकत्र ठेवून बघितलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. बघावं असं वाटलं होतं. मी बघितलं नाही. हे माझ्या नावावर लिहा."

"काय सांगितलंस?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच."

पण बापाला लेकीचा चेहरा वाचायला भाषांतर लागत नाही. ते काखेतली फळी घट्ट धरून खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढचा दीड तास गोंधळाचा गेला. कंपनीचा प्रतिनिधी फोनवर ओरडत पटांगणाबाहेर गेला. शेअर घेतलेले पुरुष शर्वरीला घेरून विचारत होते, पाणी नेमकं किती वर्षं, टँकर कंपनी देईल का, आणि हे आजच का. एकानं तर तोंडावर सांगितलं की तुझी जीभ झडो. ती प्रत्येकाला उत्तर देत राहिली. बोगदा खाली घेता येतो, वीज थोडी कमी होईल, काम दोन वर्षं लांबेल, शेअर तोवर पडून राहतील, कदाचित बुडतील. झरे राहतील. याहून गोड काही तिच्याकडे नव्हतं. तिच्या खिशातला फोन एकसारखा थरथरत होता. तिला ठाऊक होतं कुणाचा ते.

शेवटी अधिकाऱ्यांनी हात वर करायला सांगितलं. बोगदा आखला तसाच हवा, असे बावन्न. खाली घ्या, मगच परवानगी, असे एकोणनव्वद. अधिकाऱ्यांनी आकडे लिहिले आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवले. काहीजण रडवेले झाले होते, त्यांत खाली घ्या म्हणून हात वर केलेलेही होते.

माइली दिदींचा हात पहिल्यांदा वर गेला नव्हता. दुसऱ्यांदाही गेला नाही.

पटांगण रिकामं झालं तेव्हा त्या पदराची गाठ सोडत-बांधत शाळेच्या पायरीवर बसलेल्या होत्या. शर्वरी त्यांच्यापासून जरा लांब उभी राहिली. मनात होतं तेच विचारलं.

"दिदी, तुम्ही हात का नाही वर केलात? एकदाही?"

"पहिल्यांदा करवेना. माझ्या सासूनं त्या तोटीचा दगड बसवलाय." दिदी उठल्या. "दुसऱ्यांदा केला असता तर तुझ्या बाजूची झाले असते. आज मला तुझ्या बाजूची व्हायचं नाही, बहिनी."

शर्वरीला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

"आज नाही म्हटलं," दिदी जरा चिडूनच म्हणाल्या. "चल आता. तुझ्या बांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

आणि मागे न बघता त्या घराच्या वाटेला लागल्या.